सोंग नाय

निळा ठिपका मसुराच्या दाण्याएवढा होता. अंगठ्याने पुसून पाहिला तरी जाईना. पेणहून धरमतरकडे निघालेल्या एस.टी.त गुणाजीने मेंदूचा फोटो पुन्हा उजेडाला धरला. हे आपलं डोकं... एकोणीसशे नव्याण्णवचं. शेजारी दोन वर्षांपूर्वीचा जुना फोटो, त्यात इथेच लाल होतं — म्हणजे एवढं विझलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला सरकत्या पट्ट्यावर चालवलं होतं, आधी कोऱ्या, तिथे पाय अडत राहिले, मग आडव्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. आणि रेघांवरून तो झपझप चालला तेव्हा त्यालाच वाटलं, की झालं, आता सोंग उघडं पडलं. घरी तेच तर म्हणत. मिठागरात एकामागून एक बांध ओलांडत हा बिनघोर जातो, आणि घराच्या दारात तेवढा खिळतो — हा कसला पार्किन्सन? बायको, मैना, चारचौघांत बोलली होती, "माज्या घरात यायच्या वेळंलाच बरे पाय अडतात यांचे." आणि मग त्यालाही वाटू लागलं... खरंच आपल्याला आत जायचं नसेल का? सत्तावीस वर्षांच्या संसाराचा कंटाळा आला असेल, आणि पायांना ते आधी कळलं असेल?

डॉक्टर म्हणाले, मनात आणताच पाय उचलणारी वाट बुजत चाललीय, ती ही निळी. रेघ दिसली की, मग ती पट्ट्यावरची असो की मिठागरातला बांध, मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो, ती अजून लाल आहे. गुणाजीला ते चटकन पटलं. एक पाट गाळाने भरला की खाडीचं पाणी दुसरीकडून शिरतंच. आजार पुढे गेलाय, असं ते खाली बघत म्हणाले, तेव्हा हा हसला होता. त्यांना वाटलं असेल, याला काही कळलंच नाही.

तो घरी पोचला तेव्हा मैना दारातच उभी होती. डॉक्टर काय म्हणाला, तिने विचारलं.

"वाढलाय गो." तिचा चेहरा उतरला. "पन खरा हाय. मी मुद्दाम नाय थांबत."

तिने फोटो घेतला, उलटाच धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग बाजूला सरली.

तो आत जायला वळला आणि पाय खिळले. एरवी इथे कानशिलं तापायची, मान खाली जायची... आज त्याने चौकटीला हात टेकला. आत भात शिजत होता. आपल्याला आत जायचंय — फार जायचंय — हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं, आणि भरतीची वाट बघावी तसा तो निवांत उभा राहिला. येतील पाय, सावकाश.