न वाचता जोडलेले शेरे

वहिनी चौथीच्या वर्गाला शिकवते. सहामाहीला प्रत्येक पालकाला निरोप जातो: मुलाचं नाव आणि त्यापुढे तिचा शेरा. ती एकेक शेरा चिकटवत बसली होती, तेव्हा मी फुशारकी मारली.

"अगं वहिनी, हे कॉम्प्युटरवर 'आर' भाषेत चार ओळींच्या प्रोग्रॅमचं काम! नावांची एक लिस्ट, शेऱ्यांची एक. लूप एकेका नावावरून फिरतो आणि शेरा जोडत जातो. तू चहा पी."

"पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या हं, भावोजी."

"मशीन चुकतं होय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

एका मुलीचा शेरा वहिनीने मुद्दाम रिकामा ठेवला होता. तिच्या आईशी तिला समोर बसून बोलायचं होतं. प्रोग्रॅमसाठी मी शेऱ्यांची लिस्ट सपाट केली, म्हणजे सगळे शेरे सलग एका ओळीत आणले, तशी ती रिकामी जागा गळून गेली आणि खालचा प्रत्येक शेरा एकेक घर वर सरकला. लूपने मुकाट्याने सगळं जोडलं. मी तसंच पाठवूनही दिलं.

त्या मुलीच्या घरी गेला तो तिच्या खालच्या नंबराच्या मुलीचा शेरा: 'शिबिरात अंथरूण ओलं झालं होतं. रागावू नका, विषयही काढू नका.' आई चक्रावली. लेक म्हणाली, मी नव्हे, माझ्या शेजारी झोपलेली ती. दुसऱ्या दिवशी वर्गभर बोभाटा झाला आणि शेजारी झोपलेली शाळेत यायची थांबली.

वहिनीने मुख्याध्यापिकांना 'चूक माझी' एवढंच सांगितलं. मला ते दादाकडून कळलं.

"शहाणपणा तुझा आणि मान खाली तिची," तो म्हणाला. "शोभतं का रे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी वहिनीबरोबर मीही शाळेत यायची थांबलेल्या मुलीच्या घरी गेलो. ती आईला चिकटून दारात उभी होती.

"बाईंची चूक नाही," मी म्हणालो. "ते मी पाठवलं."

मुलीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "म्हणजे तुम्ही पण वाचलंत?"

"नाही गं! एक अक्षरसुद्धा नाही," मी घाईघाईने म्हणालो. मला वाटलं, तेवढाच तिला धीर येईल.

"मग पाठवलंत कसं?"

वहिनी माझी बाजू सावरायला पुढे झाली. मी तिला हाताने थांबवलं. "बाईंनी वाचून घ्या म्हटलं होतं. मी ऐकलं नाही," मी म्हणालो.