धुऊन वाळत घातलेली पिशवी

मित्रांनो, ही पृथ्वी वाचवण्यासाठी माझा जन्म झाला आहे. आजवर मला तेरा बोंबीलही वाचवता आलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मी एक जुनी पिशवी आहे. वय सहा महिने. हसू नका, आमच्या कुळात सहा महिने म्हणजे काठी टेकत चालायचं वय.

वसई पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यात मी जन्मले. माझ्या घराण्यात दोन स्वभाव. एक मक्यापासून काढलेलं प्लास्टिक: दिसायला चकचकीत, पण वाकवलं की तडकणारं. दुसरं रसायनाच्या कारखान्यातलं, रबरासारखं लवचीक, तरीही मातीत विरणारं. दोघांचं मुळीच पटत नसे, म्हणून तिसरं एक रसायन मध्यस्थ म्हणून घातलं. वर थोडं स्टार्च. सगळ्यांना तापवून, वितळवून यंत्रातून हवा फुंकली तेव्हा दोन मजली फुगा झाला. तो फुगा कापून मी आणि माझ्या बहिणी निघालो. साहेबांनी मला ताणलं, उजेडापुढे धरलं आणि "वा!" म्हणाले. एवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

आम्हाला केळ्याचे वेफर्स सांभाळायचे होते. दोन आठवड्यांत वेफर्स मऊ पडले. माझ्यातून पाणी गळत नाही, पण हवेतली वाफ चोरपावलांनी आत शिरते. स्वभावच तो. आमचा लॉट नापास झाला आणि यंत्र चालवणाऱ्या एरॉलने मला पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, त्याच्या मर्सीमावशीकडे आणलं.

"मावशी, ही साधी प्लास्टिकची नाय," तो म्हणाला. "एकदा वापरायची आन् टाकून द्यायची. मातीत विरून जाते."

"टाकून द्यायची? एवढी गुळगुळीत पिशवी टाकतं कोन?"

"अगं, टाकायसाठीच केलीय ती!"

"तुला पन तुज्या आयने शिकायसाठीच शाळेत घातलेला. शिकलास?"

मर्सीबाईंनी मला वापरलं, साबणाने धुतलं, उलटं केलं आणि चिमटा लावून दोरीवर वाळत घातलं. मग गादीखाली घडी करून ठेवलं. असं सोळा वेळा. पिढ्यान् पिढ्या न विरणारं प्लास्टिक सगळी आळी खुशाल खाडीकाठी सोडून येई. आणि जिला मरायचं रीतसर शिक्षण दिलेलं, ती मी गादीखाली! प्रत्येक धुण्याला माझ्यातलं थोडं स्टार्च मोरीतून निघून जाई. पण लाड कोणाला नको असतात?

मे संपत आला तशी आगोटीची घाई उडाली. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून सुकी मासळी आधीच भरून ठेवायची, ती आगोट. मर्सीबाईंची लेक स्टेफी लग्न होऊन भुसावळला गेलेली, पहिलटकरीण. ती जुलैत माहेरी यायची होती. फोनवर तिने एकच मागितलं, "आय, तुज्या हातचा सुका बोंबील, निखाऱ्यावर भाजलेला."

मर्सीबाईंनी दोरीवर सुकवलेले तेरा बोंबील निवडले. चाळीस वर्षं बसलेला हात. एकेक वाकवून पाहिला. काडीसारखा कट् असा आवाज आला की मान डोलवायच्या.

"माज्या बायचे बोंबील गंजक्या डब्यात नाय ठेवायचे," त्या म्हणाल्या. "चांगल्या पिशवीत ठेवायचे."

आणि मित्रांनो, मला गादीखालून काढलं. मी ओरडणार होते. पण पिशवीला तोंड असतं ते फक्त बांधण्यासाठी.

जूनमध्ये वाफ आत येऊ लागली. मी अंग आवळून धरलं. जितकं आवळलं तितकी कमकुवत झाले. बोंबील आधी नरमले, मग वाकले, मग त्यांच्यावर पांढरी बुरशी आली. मी सगळं पाहत होते. डबा चार बोटांवर रिकामा पडला होता.

स्टेफी आली. मर्सीबाईंनी मला हातात घेतलं आणि मी हातातच फाटले. बोंबील जमिनीवर पडले. आवाज आला नाही.

"जाऊ दे गं आय," स्टेफी म्हणाली. "पिशवीतच ओल गेली असंल."

"नाय बाय. पिशवी चांगली व्हती. माजेच बोंबील कच्चे ऱ्हायले." मर्सीबाई खाली बसल्या. "हात गेला माजा. पुढल्या वरसापासून दोऱ्या नाय बांधायच्या."

एरॉल तिथेच चहात पाव बुडवत बसला होता. वेफर्सचं सगळं त्याला ठाऊक होतं. त्याने पाव आणखी एकदा बुडवला.

मग मर्सीबाईंनी मला कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. पण मला विरायला कारखान्यातल्या खताच्या खड्ड्याची धग लागते. कुंडीत ती कुठून येणार? जिथे टिकायचं तिथे टिकले नाही, आणि जिथे विरायचं तिथे विरत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी म्हणते, जपण्याआधी ती कशासाठी केली आहे ते विचारा, आणि सांगणारा भाचा असला तरी ऐका. पाचूबंदरला गेलात तर मर्सीबाईंना एवढा निरोप द्या: हात गेलेला नाही. तेराही बोंबील कट् वाजले होते, मी गादीखालून ऐकलं आहे. दोष माझा. दोऱ्या बांधा.

आणि जाताच आहात, तर शेजारची कोंबडी तेवढी हाकला. सकाळपासून माझा कोपरा ओढते आहे.