पांढऱ्या रेघेच्या मागे

"डॅड, टोपी घाल की! गारा पडतायत."

"गारा कसल्या, मीठ भुरभुरतंय. एप्रिल आहे बाई, पाच मिनिटांत ऊन पडेल बघ."

पडलंही. होडीच्या मागच्या टोकावर सुकाणूचा दांडा धरून उभ्या असलेल्या हेडलीनं लेकीकडे ऐटीत पाहिलं. लॉरेन काही हसली नाही. आयरिस, तिची आई, जाऊन चार महिने झाले होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला या लांबोडक्या राहत्या होडीत एकटं ठेवणं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी तडजोड ठरली. कालवा टेकडी उतरतो तिथली पाचही लॉकं, म्हणजे पाणी सोडून होडी खाली उतरवायचे दोन्हीकडे दरवाजे असलेले दगडी हौद, बापानं आज धड पार केली, तर ती पुन्हा विषय काढणार नव्हती. नाही जमलं, तर होडी विकायची आणि तिच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला जायचं. चाळीस वर्षं कालव्यावर काढलेल्या हेडलीला ही माशाची पोहण्याची परीक्षा वाटली.

दोन लॉकं सुरळीत गेली. तिसऱ्यात होडी शिरली, मागचे दरवाजे लागले आणि काठावरून लॉरेननं पुढच्या दरवाज्याची झडप उचलून पाणी सोडलं. मागच्या दरवाज्याखाली पाण्यात एक दगडी पायरी दडलेली असते. होडी तिच्यावर अडकू नये म्हणून भिंतीवर पांढरी रेघ असते. तिच्या पुढेच राहायचं. नवख्यांना हे हेडली दरडावून सांगायचा. आज तो स्वतःच रेघेच्या मागे होता आणि हाकेची वाट बघत होता. "पुढं घे रे म्हाताऱ्या!" आयरिस प्रत्येक लॉकात ओरडायची. तो प्रत्येक वेळी चिडायचा आणि पुढं घ्यायचा.

हाक आली नाही. मागचं टोक पायरीवर खरवडत टेकलं, पुढचं पाण्याबरोबर खाली जाऊ लागलं. आत कपबश्या फुटल्या.

"झडप पाड! पाड आधी!" हेडली ओरडला. "आता मागची उघड, हळू!"

लॉरेन जिवाच्या आकांतानं धावली. वरचं पाणी आत आलं, होडी कशीबशी सरळ झाली. हातभर पाणी आणखी उतरतं तर ती बुडालीच असती.

"चुकलं माझं," लॉरेन धापा टाकत म्हणाली. "मीच भसाभस पाणी सोडलं. हे धरायचं नाही हं, डॅड."

तिचे डोळे भरले होते. आता तीच त्याला जिंकवायला निघाली होती, आणि ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

"खोटं बोलू नकोस. तुझ्या आईलाही जमायचं नाही ते," तो म्हणाला. "दांडा माझ्या हातात होता."

लॉकाबाहेर येताच त्यानं होडी काठाला लावली. पुन्हा पाऊस भुरभुरू लागला होता. कालव्यावर चौदा दिवसांच्या वर एका जागी थांबायचं नसतं, म्हणून तो दोर नेहमी एका हिसक्यात सुटेल असा बांधायचा. आज त्यानं एकावर एक तीन गाठी मारल्या आणि ओला दोर अंगातला सगळा जोर लावून आवळला. मग लेकीकडे न बघता विचारलं,

"त्या खोलीला खिडकी आहे ना गं?"