उताराचे ब्रेक

बाळकृष्णरावांनी अंगठ्याचं नख ब्रेकच्या डिस्कवरून आडवं फिरवलं. नख खाचेत अडकलं तसं त्यांना बरंच वाटलं. जावयाची आणखी एक चूक सापडली होती.

"हात लावून बघा, प्रद्युम्नराव," चाक काढलेल्या गाडीपुढे उकिडवे बसल्या बसल्या ते म्हणाले. "डिस्क अशी असते? आमच्या घरचा दोसैचा तवा याहून सपाट आहे."

प्रद्युम्नने वाकून डिस्कला बोट लावलं, बोट काळं झालं ते रुमालाला पुसलं आणि रुमालाची पुन्हा नीट घडी केली.

"होय, मामा."

होय मामा! या माणसाकडे दुसरं उत्तरच नव्हतं. तो पापनाशमच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायचा. झाडं जागची हलत नाहीत म्हणून तेवढीच याला जमतात, असं बाळकृष्णराव चारचौघांत म्हणत. जावयाला मात्र ते कायम अहोजाहो करत, नावाला राव लावत. अपमान करायला तेवढा मान त्यांना पुरत असे.

एकोजीच्या दुकानात पुढे सुटे भाग होते आणि मागे पत्र्याची शेड. एकोजी त्यांचाच विद्यार्थी. आयटीआयमध्ये बाळकृष्णरावांनी मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवला होता, आणि तंजावुरात ज्याच्या हातात पाना किंवा स्टिअरिंग आहे असा जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या शिव्या खाऊन मोठा झाला होता. निवृत्त झाले तरी शिव्या निवृत्त झाल्या नव्हत्या. एकोजीच्या डोक्याचे केस पिकले, तरी सार् आले की तो अजून स्टुलावरून उठून उभा राहायचा.

आताही तो उभाच होता. त्याने दोन खोकी आणून सारांच्या पुढ्यात ठेवली.

"सार्, हा साधा सेट. गावांत चालवायला पुरे. हा दुसरा उताराचा. पॅड कितीही तापले तरी धरतात, डिस्कही जाड. कोणता काढू?"

"यात विचारायचं काय आहे?" बाळकृष्णराव म्हणाले. "या गावात चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल, आणि उतार म्हणजे तोच पूल पलीकडून. त्यातून हे गाडी चालवतात ती बैलगाडीला वाट देत देत. यांना ब्रेक तरी कशाला हवा? पाय खाली टेकवला तरी थांबेल."

एकोजी हसला नाही. प्रद्युम्नने खाली बघितलं. दोघांपैकी कोणीच हसत नाही हे बाळकृष्णरावांच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण भित्र्या माणसांकडून त्यांनी हसण्याचीही अपेक्षा ठेवली नव्हती.

त्यांनी फडकं घेऊन जुनी डिस्क पुसायला घेतली. काळं निघालं आणि खाली निळसर डाग दिसले. त्यांचा हात थांबला. ते उठले, गाडीला वळसा घालून पलीकडच्या चाकापाशी बसले आणि तीही डिस्क पुसली. तिथंही तसेच डाग. एकाच बाजूला असते तर पॅड दाबणारा कॅलिपर अडकला म्हणता आलं असतं. दोन्ही बाजूंना सारखे होते, म्हणजे लोखंड निळं पडेपर्यंत कोणीतरी ब्रेक दाबून धरला होता, आणि तोही बराच वेळ. सपाटीवर वेड्यालासुद्धा हे जमलं नसतं.

"डोंगरावर गाडी नेली होती?"

"शनिवारी नामक्कलला जातो ना, मामा. मारुतीच्या दर्शनाला."

"नामक्कलचा मारुती जमिनीवर उभा आहे."

नामक्कलच्या पुढे कोल्ली डोंगर लागतो आणि तिथला घाट नुसता वळणांचा आहे, हे काही बाळकृष्णरावांना कोणी सांगायला नको होतं.

"कोल्लीला गेला होतात," ते म्हणाले. "आणि एकदा नाही. वर चढलात ते चढलात, उतरताना मोठ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घसरत आलात. बरोबर? आयटीआयचं पहिल्या महिन्यातलं पोर असं करत नाही. विनुता होती गाडीत?"

"होती."

"माझ्या मुलीला घेऊन तुम्ही असा घाट उतरलात!"

"चुकलं, मामा."

कोल्ली हे नाव ऐकूनच बाळकृष्णरावांच्या कपाळावर आठी पडे. विनुताला बँकेत बढती मिळत होती, पण त्या डोंगरावरच्या शाखेत. गेल्या वर्षीही मिळत होती. तिथं तुला नेणार कोण, आणणार कोण, असं म्हणून त्यांनीच तिला ती नाकारायला लावली होती. तिला गाडी येत नाही आणि नवऱ्याला जेवढी येते त्याला गाडी येणं म्हणत नाहीत. यंदाही 'नको' म्हणून कळव, असं त्यांनी बजावलं तेव्हा ती काही बोलली नव्हती. गप्प बसणं म्हणजे ऐकणं, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत.

"एकोजी, साधा सेट काढ," त्यांनी हात झटकले. "यांना उताराचे ब्रेक दिले तर हे उद्या हिमालय चढतील. माकडाच्या हातात कोलीत नको. साधे घाल, म्हणजे गावात राहतील."

एकोजीने खोक्याकडे हात नेला, पण उचललं नाही. तो प्रद्युम्नकडे बघत होता.

"साधा नको," प्रद्युम्न म्हणाला. "दुसरा घाला."

बाळकृष्णरावांनी मान वर केली. होय मामा सोडून दुसरं काही त्याच्या तोंडून निघालेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

"काय म्हणालांत?"

"गाडी मी नाही चालवत, मामा. विनुता चालवते. ती सोमवारी कोल्लीला रुजू होते आहे."

बाळकृष्णराव हसले. समोरचा इतका मूर्ख आहे की रागवण्यातही अर्थ नाही, अशा वेळी ते हसायचे.

"तिला येत नाही."

"आता येतं. लायसनही काढलं."

"शिकवलं कोणी? तुम्ही? वा! आंधळ्यानं रस्ता दाखवावा तसं झालं. अहो, सारं गाव माझ्याकडे शिकलं, आणि माझी मुलगी झाडपाल्याच्या मास्तराकडे? इथं कोणाला सांगितलं असतं तर—"

"इथं कसें शिकणार, मामा?" प्रद्युम्नचा आवाज चढला नव्हता. "क्लासवाला तुमचा विद्यार्थी. मेकॅनिक तुमचे. मैदानाचा वॉचमनही तुमचा. गाडी एकदा बंद पडली असती तर संध्याकाळी तुम्हांस कळलं असतं. म्हणोन नामक्कलला जात होतों. तिथं तुम्हांस कोणी ओळखत नाही."

बाळकृष्णरावांनी एकोजीकडे पाहिलं. एकोजीने मान खाली घातली.

"विनुता अक्कांचा फोन आला होता, सार्. दोन्ही सेट मागवून ठेव म्हणाल्या."

"म्हणजे तुलाही माहीत!" ते गरजले. "मग मला कशाला आणलंत? गंमत बघायला?"

"तिनंच आणायला सांगितलं," प्रद्युम्न म्हणाला. "ब्रेक अप्पांनीच निवडायचे, म्हणाली. दुसऱ्या कोणी बघितलेल्या ब्रेकवर ती घाट उतरणार नाही."

बाळकृष्णरावांनी उताराचं खोकं ओढलं, डिस्क बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली आणि परत खोक्यात टाकली. "हिच्या कडेला टवका आहे. दुसरी आण. माल घेताना डोळे मिटून घेतोस की काय?" एकोजीने दुसरी आणली. ती त्यांनी तशीच पारखली, बोटं फिरवली, पॅड तिच्यावर टेकवून पाहिले. पुढच्या कामात त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. फक्त शिव्या तेवढ्या सढळ हातानं वाटल्या.

"उतरताना गिअर कोणता ठेवते?" बोल्ट आवळताना त्यांनी विचारलं. जावयाकडे पाहिलं नाही.

"तिसरा."

"तिसरा! दुसरा हवा. म्हणून लोखंड निळं झालं. गिअरनं धरायचं असतं, ब्रेक नुसता मदतीला. शिकवणारा गाढव असला की गाडीला भोगावं लागतं. उद्या सकाळी तिला माझ्याकडे पाठवा. शेजारी बसून दाखवतो."

प्रद्युम्नने रुमाल खिशात घातला.

"ती येणार नाही, मामा."

"का?"

"तुम्ही शेजारी बसलांत की तिचे पाय थरथरतात. कॉलेजात असताना तुम्ही एकदा तिला आयटीआयच्या मैदानावर बसवलंत. गाडी बंद पडली, आणि सगळ्या पोरांसमोर तुम्ही किल्ली काढून घेतलीत."

"मग त्यात काय झालं?"

"काही नाही. ती अजून सांगते, एवढंच."

बाळकृष्णरावांना ते मैदान आठवत होतं, पोरं आठवत होती, गाडीही आठवत होती. मुलीचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना. त्यांनी शेवटचा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला, मग जरा सैल केला.

नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत त्यांचा भरवसा धरता येत नाही. ते काम त्यांनी स्वतःच केलं. पुलावर जाऊन-येऊन, हळूहळू दाबत, मध्येच गार होऊ देत, पुन्हा दाबत. परत आले तेव्हा बँक सुटायची वेळ झाली होती. त्यांनी किल्ली एकोजीच्या टेबलावर ठेवली.

"विनुता इथंच येणार?"

"होय, मामा. इथून गाडी घेऊन घरी. तुम्हीही चला ना आमच्याबरोबर."

"आणि तिचे पाय?" त्यांनी जावयाकडे असं पाहिलं की एखाद्यानं पुन्हा तोंड उघडलं नसतं. "मी बसनं जातो. एकोजी, तू सांग तिला. दुसरा गिअर. यांच्यावर सोडू नकोस, हे तिसराच सांगतील."

रस्ता ओलांडून ते बसथांब्यावर, जाहिरातीच्या फळीआड उभे राहिले. त्यांची टाऊन बस आली. त्यांनी ती जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली.

विनुता ऑटोतून उतरली. एकोजीशी काहीतरी बोलली, मान हलवली, मग वाकून नव्या डिस्ककडे बघत राहिली. प्रद्युम्न शेजारच्या सीटवर बसला. गाडी सुरू झाली आणि पाठीमागे सरकत रस्त्यावर येऊ लागली. नेमकी त्याच वेळी उजवीकडून बस हॉर्न वाजवत आली आणि डावीकडून एक ऑटो आडवा घुसला.

बाळकृष्णरावांचा उजवा पाय चपलेसकट जमिनीवर घट्ट दाबला गेला.

गाडी थांबली नाही. थांबायचं कारणच नव्हतं. दोघांच्या मधली जागा विनुतानं आधीच हेरली होती. ती वळली, सरळ झाली, गर्दीत मिसळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. त्यांचा पाय तरीही तसाच दाबलेला होता.