फळ्यावरचा बिल्ला

आमच्या दादाने स्वतः बांधलेल्या हॉस्पिटलात स्वतःसाठी वेगळी खोली घेतली नाही. "सगळ्यांना जी खाट, तीच मला," म्हणून तो जनरल वॉर्डात दाराजवळ झोपला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उपदेश करत राहिला. शेजारच्या खाटेवरचा वेल्डर मला म्हणाला, "बाई, यांना तरी घरी न्या, नाहीतर मला तरी न्या." दादा हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता आठवडा काढला तरी खूप झालं.

म्हणजे माझ्या हातातही आठवडाच होता. एकेचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट त्याला सांगायची, की त्याला तसंच जाऊ द्यायचं, हे मला ठरवायचं होतं.

दादाने भंगार वितळवायच्या एका भट्टीवर सुरुवात केली. मग पोलादाचा कारखाना काढला आणि पुढे त्याच पोलादाची जहाजं बांधायला लागला. गोदीत त्याचा एक नियम होता. जहाजाच्या पोटाखाली कामाला जाणाऱ्याने आपला आकडा कोरलेला पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढून न्यायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला असला, तरी जहाज पाण्यात सोडायचं नाही. फळ्यावर नजर ठेवायला मी होते, कारण दादाचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

धाकटा भाऊ तिथेच, जहाजाखालचे टेकू काढायच्या कामावर होता. पक्का विसरभोळा. बिल्ला खिळ्यावर तसाच ठेवून सरळ घरी जेवायला जायचा. मग सगळी गोदी त्याला शोधत फिरायची आणि दादा चारचौघांत त्याची बिनपाण्याने करायचा. मला त्याची दया यायची. म्हणून जेवणाची घंटा झाली, की मीच त्याचा बिल्ला काढून माझ्या टेबलाच्या खणात टाकायची.

सहाव्या जहाजाच्या वेळी भरती ओसरायला लागली होती आणि पाहुणे ताटकळले होते. एरवी दादा स्वतः जहाजाखाली वाकून एक फेरी मारायचा. त्या दिवशी त्याने फक्त फळ्याकडे पाहिलं. फळा मोकळा होता. दादाने हात वर केला आणि जहाज पाण्यात सुटलं.

धाकटा त्या दिवशी जेवायला गेलाच नव्हता.

तो बिल्ला न अडकवताच खाली गेला असणार, असं चौकशीत ठरलं. मी गप्प राहिले. आधी भीतीने, मग सवयीने.

आईने चौकशी मानली नाही. "हात कुणी वर केला?" एवढंच तिने विचारलं. त्यानंतर ती सोळा वर्षं जगली आणि दादाशी एक शब्द बोलली नाही. त्याने धाकट्याच्या नावाने हॉस्पिटल काढलं, शाळा काढली, कामगारांना घरं बांधून दिली. प्रत्येक उद्घाटनाला पुढच्या रांगेत आईची खुर्ची असायची आणि ती रिकामीच राहायची. लोक त्याला दानशूर म्हणायचे. तो बापडा आईची मनधरणी करत होता, आणि ते मला एकटीला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी दुपारी वेल्डरला तपासणीला नेलं, तेव्हा मी तो बिल्ला दादाच्या हातात ठेवला.

"हा कुठे मिळाला?"

"माझ्या खणात होता. मीच काढला होता, दादा. तू त्याला ओरडशील म्हणून."

त्याने आकड्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आईला सांगितलं होतंस?"

"नाही."

"शेवटी सुद्धा नाही? ती आजारी होती तेव्हा मी रोज तिच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचो. आत बोलावेल म्हणून. तू आत-बाहेर करायचीस. मी दिसायचो ना तुला?"

"दिसायचास."

मी त्याचा हात धरला. त्याने तो हळूच सोडवून घेतला आणि बिल्ला मुठीत मिटला.

त्यानंतर तो तीन दिवस होता. मी सकाळपासून खाटेशेजारी बसून असायची. तो नर्सशी बोलायचा, डॉक्टरांशी बोलायचा, वेल्डरच्या मुलीच्या शाळेची चौकशी करायचा. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.