तळहातावरचा खंड्या

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. आठवडाभर मशीनवर वाकून बसायचे, पण रविवार उजाडला की दुर्बीण गळ्यात अडकवून पसार. दुपारी परतले की जेवता जेवता बायकोला सगळं सांगायचे: कुठला पक्षी कसा बसला, कसा उडाला, मादीपुढे कसा मिरवला. ती स्वतः कधी गेली नाही. त्यांच्या तोंडून ऐकण्यातच तिला गोडी होती.

मग पक्षाघात झाला. "पक्ष्यांनीच घात केला," असा विनोद त्यांनी नक्की केला असता. पण उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली. वर्ष उलटलं तरी रविवारची दुपार तिला खायला उठायची.

तळ्याकाठी चाकाच्या खुर्चीतल्या, दृष्टी नसलेल्या, हळू चालणाऱ्या माणसांसाठी पक्षी बघायची फेरी निघते, असं सून कुठूनसं ऐकून आली. "आई, बाबांना घेऊन जा तर खरं," ती म्हणाली.

सपाट लाकडी वाट होती. कडेला धरून चालायला दोर, आणि खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लावता येईल इतक्या खाली बसवलेली दुर्बीण. फेरी नेणारी बाई म्हणाली, "इथे कुणालाच घाई नाही. मागे राहिलात तर आम्ही थांबू."

मास्तरांची खुर्ची ढकलत ती निघाली, आणि दोघं मागे राहिलीच. सोबत दोर धरून चालणारे एक आजोबा होते, दृष्टी गेलेले. मास्तरांच्या पायांवरची शाल सारखी करायला ती वाकली, तेवढ्यात पाण्यात डुबुक असा आवाज झाला.

"काय होतं हो ते?" आजोबांनी विचारलं.

तिनं वर पाहिलं. फांदी नुसती हलत होती. "माझं लक्ष नव्हतं. आणि ह्यांना बोलता येत नाही."

मास्तर मात्र ताठ बसले होते. डाव्या हातानं त्यांनी आजोबांचा हात ओढून मांडीवर उताणा ठेवला आणि कापडावर खडूनं आखावं तसं बोटानं आखायला लागले. मोठं डोकं. लांब, सरळ चोच. आखूड शेपूट. मग बोट उंच नेऊन तळहाताच्या मधोमध टोचलं.

"खंड्या!" आजोबा खुदकन हसले. "मासा मिळाला का?"

मास्तरांनी त्यांचा अंगठा चिमटीत धरून हलवला. मिळाला.

वर्षभर ती विचारत होती ते दुखतंय का, भूक लागली का. काय बघितलंत, हे विचारायचा तिला धीरच झाला नव्हता.

आजोबा पुढे गेले. ती बाकावर टेकली आणि तिनं तळहात पुढे केला. "अहो, मलाही सांगा ना."

मास्तर थकले होते. बोट तिच्या मनगटापाशी टेकलं, जरासं सरकलं, थांबलं. मग त्यांना डुलकी लागली आणि सगळा हातच तिच्या हातात जड होऊन पडला.

पुढून बाईंची हाक आली.

"येतो," ती म्हणाली, पण उठली नाही.