हातगुण

आमच्या कारखान्यातलं इंजिन फक्त मोठ्या भाऊजींच्या हाताने चालू व्हायचं. असं आधी भाऊजी म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक लांब शेड. तिच्यात लाकूड कातायच्या दोन लेथ, एक करवत आणि कोपऱ्यात ते जुनं पेट्रोलचं इंजिन, पट्ट्यांनी सगळ्यांना फिरवणारं. खुर्च्यांचे पाय आणि जिन्याच्या कठड्याचे दांडे आम्ही करून देतो. इंजिन चालू झालं नाही की शेडमधली माणसं हातावर हात ठेवून बसतात.

रोज सकाळी भाऊजी इंजिनासमोर मांडी घालून बसायचे. झाकण उघडायचं, आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे धातूचे दोन तुकडे, काचपेपरने घासायचे, त्यांच्यामधली फट पुठ्ठ्याच्या घडीने मोजायची, फुंकर मारायची आणि मग दोरी ओढायची. कधी लगेच चालू व्हायचं, कधी नाकी नऊ यायचे. ‘आज त्याचं मन नाही,’ असं भाऊजींनी म्हटलं की कोणी हूं की चूं करायचं नाही. एकदा माझ्या नवऱ्याने त्यांना घरी उलट उत्तर दिलं, तर इंजिन दुपारपर्यंत रुसलं. नवऱ्याने जाऊन माफी मागितली आणि पुढच्याच ओढीला ते सुरू झालं.

लग्नाआधी मी सर्किट बोर्ड जोडायच्या कारखान्यात होते. दिवसभर भिंग लावून सोल्डरिंग करायचे. इथे आल्यावर माझ्या हातात पॉलिश पेपर आला, कातून झालेले पाय घासायला. घासता घासता कोपऱ्याकडे लक्ष असायचं. तो रुसवाबिसवा काही नव्हता. पॉइंट झिजले होते आणि दर काही दिवसांनी फट हलत होती, एवढंच. पण हे बोलायची सोय नव्हती. धाकटी सून ती, तिने पायच घासावेत.

मग भाऊजींचा खांदा धरला. उपचारांसाठी ते लेकीकडे जाऊन राहिले आणि शेड बंद पडली, कारण दोरी ओढायला हातगुणवाला माणूस नव्हता. नवरा डोक्याला हात लावून बसला. मी म्हटलं, “मला करून बघू दे.” तो म्हणाला, “बिघडवशील.” मी म्हटलं, “बंदच आहे, आणखी काय बिघडणार?”

भंगारातल्या मोटरसायकलची कॉइल आणली. बंद पडलेल्या छोट्या पंख्यातून सेन्सर काढला. लोहचुंबक कपाटाच्या दाराचा, आमच्याच माळ्यावरचा. तो इंजिनाच्या जड चाकावर बसवायचा. चाक फिरताना तो सेन्सरसमोरून गेला की सेन्सर सर्किटला इशारा करतो, सर्किट कॉइलची वीज तोडतं आणि त्या झटक्याने प्लगमध्ये ठिणगी पडते. घासायला नको, फट मोजायला नको. सर्किट मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर जोडलं आणि चहाच्या रिकाम्या डब्यात बसवलं.

पहिल्या खेपेला मी सुतारांच्या घरचीच सून ठरले. लोहचुंबक चिकटवला तो लाकडाच्या डिंकाने! चाकाने वेग घेतला आणि चुंबक गोळीसारखा सुटून पत्र्यावर आपटला. नवरा लेथमागे लपला. दुसऱ्यांदा ठिणगी वेळेआधी पडली, दोरी उलटी खेचली गेली आणि माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. मग चुंबक धातूच्या गोंदाने लावला, वरून पट्टी आवळली आणि सेन्सर केसाकेसाने सरकवत राहिले. शेवटी एकदा दोरी ओढली आणि इंजिनाने दुसरी ओढ मागितलीच नाही. मला रडू आलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी माझ्या डोक्याने काहीतरी केलं होतं.

नवराही खूश झाला. पण संध्याकाळपर्यंत त्याचा चेहरा उतरला. “दादाला एवढ्यात सांगू नकोस. सगळा जन्म त्याने त्या इंजिनापुढे काढलाय. मन मोडेल त्याचं.”

मलाही दया आली, खोटं कशाला बोलू? पॉइंटची तार मी आधीच सोडवली होती, पण झाकण होतं तसं लावलं. चाकाभोवती जाळी बसवली. डबा इंजिनाच्या बॅटरीशेजारी फळीखाली सरकवला. कोणी विचारलं तर दिव्यासाठी आहे म्हणायचं ठरलं.

भाऊजी परत आले. मांडी घातली, मेलेले पॉइंट घासले, पुठ्ठ्याने फट मोजली, फुंकर मारली, दोरी ओढली. इंजिन पहिल्या ओढीला सुरू. ते थोडा वेळ चाकाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “त्यालाही विश्रांती हवी होती बघा.” शेडभर हशा आणि वाहवा. लेथवरचे काका म्हणाले, “हातगुण म्हणतात तो हा!” मीसुद्धा हसले. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

गंमत रोजचीच झाली. इंजिन कधी रुसेना, कामं वाढली आणि भाऊजींचं नाव आणखी मोठं झालं. लोक त्यांना दुसऱ्या इंजिनांचे रुसवे काढायला बोलावू लागले. ते तोंडभर सल्ले देत आणि खांद्याचं निमित्त सांगून घरी परतत. मी पाय घासत होते.

खांदा मात्र पुन्हा दुखायला लागला. एका दुपारी भाऊजींनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आता त्यांना दोरी ओढवत नाही, शेड कोणाच्या तरी हाती सोपवायला हवी.

मी कित्येक दिवस हेच मनात घोळवत होते. लगेच म्हटलं, “भाऊजी, मी बघते. इंजिनही आणि शेडही.”

ते हसले. रागाने नव्हे, लहान मुलाला हसावं तसे. “अगं धाकटे, इंजिनाला कधी हात तरी लावलायस का?”

माझं डोकं फिरलं. “तुमचं इंजिन माझ्या डब्यावर चालतंय. तुम्ही घासता त्या पॉइंटना तारसुद्धा जोडलेली नाही. विचारा तुमच्या भावाला.”

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. तो नखातला भुसा काढत होता. “अगं, काहीतरी काय बोलतेस,” तो म्हणाला. “तो डबा दिव्यासाठी आहे ना.”

मूग गिळून गप्प बसला असता तरी मी माफ केलं असतं. भाऊजी म्हणाले, “उद्यापासून जावईबापू येतील. इंजिन घरच्या पुरुषाच्या हातात असलेलं बरं.” जावईबापूंनी तोवर गाद्या विकल्या होत्या. आयत्या बिळावर नागोबा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेले आणि डब्यातून निघणाऱ्या तारेची पिन उपटून लोंबती ठेवली. म्हटलं, होऊ दे आता हातगुणाची परीक्षा.

जावईबापू नवा शर्ट घालून आले होते. भाऊजींनी त्यांना घासायला शिकवलं, पुठ्ठ्याची घडी शिकवली, फुंकर कुठून मारायची तेही शिकवलं. मग दोरी. काहीच नाही. जावयाने ओढली, नवऱ्याने ओढली, काकांनी ओढली. शेवटी भाऊजींनी दुखऱ्या खांद्याने ओढली आणि वेदनेने खाली बसले. मी दारात उभी होते. एकाने जरी माझ्याकडे बघून ‘काय झालं गं?’ असं विचारलं असतं तरी मी धावत जाऊन ती पिन लावली असती.

भाऊजींनी सगळ्यांना पेट्रोल आणायला, पाना शोधायला, कशाकशाला बाहेर पिटाळलं. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. ते वाकले, फळीखाली हात घातला, डबा न बघताच चाचपला आणि लोंबणारी पिन बरोबर जागेवर बसवली. चष्माही लावला नव्हता.

मी दारातून पुढे झाले.

“आलो त्याच दिवशी कळलं होतं,” ते हळूच म्हणाले. “जाळीतून दिसतं की. काम सुरेख केलंयस, धाकटे. मलासुद्धा जमलं नसतं.” मग दाराकडे बघत म्हणाले, “पण हे बाहेर बोलायचं नाही. आणि ही पिन कुठे लावायची ते जावईबापूंना एकदा नीट दाखवून ठेव. माझ्या मागे अडायला नको.”

वाहवा मिळावी म्हणून मी किती तरसले होते. ती अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

सगळे परत आले. जावईबापूंनी दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजत असतानाच मी पुढे गेले, फळीखालचा डबा उपसला, तारा तोडल्या आणि पदराखाली घेऊन निघाले. पाठीमागे इंजिन बंद पडल्याचं ऐकू आलं. नवऱ्याने हाक मारली, मी थांबले नाही. मनात म्हटलं, आता येतील दारी, तेव्हा बोलू.

कोणी आलं नाही. पंधरवड्यातच त्यांनी नवं इंजिन आणलं. त्याला पॉइंट नाहीत, दोरी नाही, नुसतं बटण दाबायचं. माझा डबा ओट्यावरच्या फळीवर आहे. झाकण उघडलं की माझं सोल्डरिंग अजून चकाकतं. मी पुन्हा पाय घासते, कारण घर चालवायचं आहे.

रोज सकाळी जावईबापू बटण दाबतात आणि इंजिन सुरू होतं. भाऊजी खुर्चीत बसून म्हणतात, “पोराच्या हाताला गुण आहे.”